जर्मनीने भाषेची अट काढलेली नाही, आणि भारतीयांना दोन पासपोर्टही ठेवता येत नाहीत

‘जर्मनीत आता 5 वर्षं राहिलं की नागरिकत्व मिळतं, भाषा लागत नाही, भारतीय पासपोर्टही राहतो’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. त्यातली 5 वर्षं तेवढी खरी. जून 2024 पासून मुदत 8 वरून 5 वर्षांवर आली. 3 वर्षांचा जलद मार्ग मात्र 2025 मध्ये रद्द झाला.

जर्मन भाषेची बी-1 पातळी, म्हणजे रोजचे व्यवहार करता येतील इतकी भाषा, आजही लागते. शिवाय नागरिकत्व चाचणी असते: 33 प्रश्न, 60 मिनिटं, किमान 17 उत्तरं बरोबर. त्यातले 3 प्रश्न तुम्ही राहता त्या राज्यावरचे. संविधानाशी निष्ठेची लेखी कबुलीही द्यावी लागते. सण, आहार, घरची भाषा सोडा असं कायदा म्हणत नाही. तिथल्या समाजात मिसळणं म्हणजे आपली संस्कृती सोडणं नव्हे.

सर्वांत घातक भाग पासपोर्टचा. जुनं नागरिकत्व ठेवायला हरकत नाही, हे जर्मनीचं म्हणणं. पण भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 सांगतं, की स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यानंतर जुन्या पासपोर्टवर प्रवास केल्यास दंड होतो. आधी तो जमा करून तसं प्रमाणपत्र घ्या, मग ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड) अर्ज करा. त्या कार्डावर मतदान करता येत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही.