लातूर, समुद्र आणि मुशीचे दात : एका प्रतिक्रियेला उत्तर

'दर्यावर्दी' यांस,

मुशीचे (म्हणजे शार्कचे) दात कसे ओळखायचे, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. इतर वाचकांसाठी थोडक्यात: "लातुरात बसून मुशीच्या दातांवर काय लिहिता? आधी समुद्र बघून या. सुट्या दातावरून जात ठरत नाही. फोटोत मोजपट्टीही नाही."

मोजपट्टी हवी होती, मान्य. नवा फोटो टाकतो.

आता समुद्राचं. 2016 साली आमच्या गावाला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं, साऱ्या देशानं पाहिलं. आमच्याकडं समुद्र नाही हे कळायला तुमची गरज नव्हती.

उमेदीची सगळी वर्षं मी प्राणिशास्त्र शिकवण्यात घालवली. रुजू झालो तेव्हा कॉलेजच्या कपाटात मुशीचा एक वाळका जबडा होता, चिठ्ठीवर जात 'ग्रेट व्हाइट'. दात कोंबड्याच्या तुऱ्यासारखे एका बाजूला कललेले, बाहेरच्या कडेला खोल खाच, वर-खाली जवळपास सारखेच. म्हणजे टायगर शार्क! ग्रेट व्हाइटचा वरचा दात रुंद, सरळ त्रिकोणी, कडा करवती. खालचा त्याहून अरुंद. माको या आणखी एका शार्कचा लांब निमुळता आणि कडा गुळगुळीत. मी हे बोललो तर एका वरिष्ठांनी तुमचाच प्रश्न विचारला, "समुद्र पाहिलाय का कधी?" चिठ्ठी मात्र बदलावी लागली. (ते तुमच्यापेक्षा सभ्य शब्दांत बोलले होते, एवढं सांगतो.)

आणि बघण्याचंच म्हणाल तर मेगालोडॉन, म्हणजे तो नामशेष झालेला महाकाय शार्क, कुणी बघितला? शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा टिकत नाही. दात मात्र आयुष्यभर गळत राहतात, मागच्या रांगेतले पुढं सरकतात. मेगालोडॉनची ओळख आहे ती दातांवर आणि थोड्याफार मणक्यांवर. तो अभ्यासणाऱ्यांनाही "आधी बघून या" म्हणणार का? की हा सल्ला फक्त मराठवाड्यासाठी राखीव आहे?

सुट्या दाताचं म्हणाल, तर कार्कऱ्हायनस या शार्कच्या वंशातल्या जातींचे वरचे दात इतके मिळतेजुळते असतात की एकट्या दातावरून जात सांगणं धोक्याचं, हे माझ्याच लेखात आहे. वाचायचे कष्ट घेतले असते तर दिसलं असतं. अख्ख्या जबड्यात वर-खालची जोडी, रांगांची संख्या, मधल्या सांध्याजवळचे बारके दात, कोपऱ्याकडं वाढत जाणारा तिरकेपणा, सगळं एकत्र बघता येतं. यावर अजून वाद घालायला मला वेळ नाही.

शेवटी तुम्ही हसरे चेहरे टाकलेत. पुढच्या वेळी त्याऐवजी तुमच्या बंदरातल्या एखाद्या जबड्याचा फोटो टाका, वरची-खालची दोन्ही बाजू दिसेल असा. जात मी इथं लातुरात बसून सांगतो.