‘पाचशे एमबीत मुलं काय शिकणार?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, त्यामुळे दोन ओळींत भागणार नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी ८ जीबी रॅमच्या भाड्याच्या क्लाऊड सर्व्हरवर जुपिटरहब (एकाच मशीनवर अनेकांना ब्राउझरमधून पायथन चालवू देणारं सॉफ्टवेअर) बसवून वीस मुलांच्या प्रॅक्टिकल बॅचला पायथन कसं शिकवतो ते लिहिलं होतं. प्रत्येकाला ५१२ एमबी रॅमची मर्यादा. त्यावर तुमचं म्हणणं असं : हातातल्या फोनला ६ जीबी असताना अर्धा जीबी देणं ही थट्टा आहे. वीस गुणिले ५१२ म्हणजे १० जीबी, म्हणजे माझं गणितही जुळत नाही. गूगलचं कोलॅब (ब्राउझरमध्येच पायथन चालवायची सेवा) फुकट असताना हा उपद्व्याप कशाला? मर्यादा ओलांडली की मुलांना काही कळतच नाही. आणि वर स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) लावणं म्हणजे दुखणं झाकणं. ‘कंजूषपणाला शिक्षणाचं नाव देऊ नका’ हे वाक्य तर मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. लोक मनापासून हसले, थोडे जास्तच.

आधी मर्यादेचं बोलू. तुम्ही तिच्याकडे रेशन म्हणून बघताय. ती आहे शेजारच्या मुलासाठी. नवशिका मुलगा व्हाइल लूप लिहितो, काउंटर वाढवायचा विसरतो आणि आत लिस्टमध्ये ॲपेंड चालू राहतं. हे प्रत्येक बॅचला होतं आणि शिकताना व्हायलाच हवं. मर्यादा नसेल तर ती लिस्ट बघता बघता सगळी रॅम गिळते. लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपली की एखादा प्रोग्रॅम मारणारा भाग) शेवटी बहुधा त्याच प्रोग्रॅमची मान धरतो, पण तोवर मशीन इतकं गुदमरलेलं असतं की मलाही एसएसएचनं (दुरून लॉगिन करायच्या सोयीनं) आत शिरता येत नाही आणि बाकीची एकोणीस मुलं फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसतात. मर्यादा असली की पडतो तो एकटाच, आणि पुन्हा उठून कामाला लागतो. उद्या कुणी ६४ जीबीचा सर्व्हर दिला तरी मर्यादा राहील, फक्त आकडा बदलेल. न संपणाऱ्या लूपला ६४ जीबीसुद्धा थोडेच.

आता गणित. लिटलेस्ट जुपिटरहबच्या (एका सर्व्हरपुरत्या छोट्या जुपिटरहबच्या) माहितीपुस्तिकेत सूत्र दिलंय : एका वेळी जास्तीत जास्त जितके जण असतील ते गुणिले प्रत्येकाची मर्यादा, अधिक १२८ एमबी. त्या हिशेबानं मला दहाच्या वर जीबी लागतील, हे खरंच. पण सोसायटीच्या टाकीचं माप काढताना कुणी सगळ्या घरांतले सगळे नळ एकदम सोडलेत असं धरत नाही. नुसता उघडलेला पायथन कर्नल (मुलाचा कोड प्रत्यक्ष चालवणारी प्रोसेस) पन्नास-साठ एमबीचा असतो, पांडाज (डेटा हाताळायची लायब्ररी) आणलं की शंभरच्या पुढे जातो, आणि प्रत्येकाच्या नावाचा जुपिटर सर्व्हर आणखी शंभरेक घेतो. भर प्रॅक्टिकलमध्ये एचटॉप (कोण किती मेमरी घेतंय ते दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून बघितलं तर बहुतेक मुलं दोनशे-अडीचशेच्या घरात असतात. म्हणजे वीस जणांचे साधारण ५ जीबी. मोजायचं ते मात्र भर तासालाच. रात्रीचे आकडे बघून ठरवलेली मर्यादा सकाळी तोंडावर पाडते.

खरा चोर वेगळाच आहे. ब्राउझरचा टॅब मिटला की प्रोग्रॅमही मिटला अशी मुलांची (आणि काही सरांचीही) समजूत असते. कर्नल मागे चालूच राहतो. तीन नोटबुकं (कोड लिहायची जुपिटरची पानं) उघडून मिटली की तीन कर्नल, आणि मर्यादा तर तिघांत मिळून एकच. दहा मिनिटं काहीच हालचाल नसेल तर हब त्या मुलाचा अख्खा सर्व्हर बंद करतो, पण मुलगा एका नोटबुकात काम करत असेल तर सर्व्हर जागा असतो आणि बाकीचे कर्नल जागा अडवून बसतात. रिकामे कर्नल बंद करायची सोय जुपिटरमध्ये आहे, पण ती मुळात बंद असते, मुद्दाम चालू करावी लागते. माझी तरी निम्मी डोकेदुखी तेवढ्यानं गेली.

‘एवढ्यात शिकवणार काय?’ एक कोटी पूर्णांकांची लिस्ट घ्या. लिस्टमधला प्रत्येक पत्ता ८ बाइटचा, म्हणजे ८० एमबी. शिवाय प्रत्येक पूर्णांक पायथनमध्ये स्वतंत्र ऑब्जेक्ट, किमान २८ बाइटचा. एकूण साडेतीनशे एमबीच्या वर. आमच्या मर्यादेत हे बसत नाही, कर्नल पडतो. तेच आकडे नम्पाय या गणिती लायब्ररीच्या ॲरेत ८० एमबीत मावतात. आणि बेरीजच हवी असेल तर लिस्ट न करता थेट रेंजची करा, मेमरी जवळपास लागतच नाही. १६ जीबीच्या लॅपटॉपवर हे तिन्ही प्रकार चालतात, त्यामुळे फरक कुणाच्या लक्षातच येत नाही.

कोलॅबशी माझं भांडण नाही. न्यूरल नेटवर्कच्या तासाला मीही मुलांना तिकडेच पाठवतो, जीपीयू मी कुठून आणू? पण फुकटात किती मिळेल याची हमी नाही हे गूगल स्वतःच सांगतं. मला सगळ्यांसाठी एकच डेटा फोल्डर हवा असतो, आणि अडलेल्या मुलाच्या फाइलमध्ये डोकावता यायला हवं असतं. शिवाय दुसऱ्याच्या अंगणाचा भरवसा किती? ॲमेझॉननं क्लाऊड९ (ब्राउझरमध्ये कोड लिहायची सेवा) नव्या ग्राहकांना जुलै २०२४ मध्ये बंद केलं. आणि कोलॅबच्या साधारण १२ जीबीलाही भिंत आहेच. ५० हजार ठिकाणांची एकमेकांपासूनची अंतरं एका सारणीत भरायला घ्या : अडीचशे कोटी नोंदी, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे २० जीबी. तिथेही कर्नल पडतो.

मुलांना काही कळत नाही, हे मात्र शंभर टक्के पटलं. ‘कर्नल बंद पडलेला दिसतो, आपोआप पुन्हा सुरू होईल’ एवढंच इंग्रजीत येतं. कुठली ओळ, किती मेमरी, काही नाही. कारण सीग्रुपची (लिनक्समध्ये प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालायची सोय, आमचे ५१२ एमबी तिच्यातूनच) मर्यादा ओलांडली की लिनक्स मेमरी नाकारत नाही, सरळ प्रोसेस मारतो, पायथनला बोलायला वेळच मिळत नाही. उपाय असा की त्या मर्यादेच्या आत आणखी एक मर्यादा घालायची. आयपायथन (कर्नलमध्ये चालणारा पायथन) सुरू होताना चालणाऱ्या फाइलमध्ये पायथनचं रिसोर्स मॉड्यूल वापरून डेटा मेमरी ३५० एमबीला बांधायची. लिनक्स ४.७ पासून ही मर्यादा एममॅपनं (मोठे तुकडे थेट लिनक्सकडे मागायच्या पद्धतीनं) घेतलेल्या खासगी मेमरीलाही लागू होते, म्हणून ती उपयोगी पडते. मग मागणीच नाकारली जाते आणि पायथन ओळीच्या क्रमांकासह मेमरीएरर दाखवतो. नम्पाय तर वरच्या सारणीसाठी १८.६ जीबी (तेच २० जीबी, १०२४ च्या पटीत मोजलेले) मागितले होते, मिळाले नाहीत, असं स्पष्ट सांगतं. सोबत ओपनब्लासचे (नम्पाय आकडेमोडीला वापरतं त्या लायब्ररीचे) थ्रेड एकावर आणा, नाहीतर त्यांच्याच राखीव जागेत हा आकडा संपतो.

राहता राहिला स्वॅप. तो मी २ जीबीचा ठेवलाय, आणि तो हबसाठी आणि सर्व्हरच्या स्वतःच्या सेवांसाठी आहे. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत रॅमची मर्यादा स्वॅपला लागू होत नाही. त्यामुळे ५१२ भरले की मुलाचा प्रोग्रॅम मरण्याऐवजी स्वॅपमध्ये रांगत राहतो आणि डिस्क सगळ्यांचीच अडते. दुखणं झाकलं जातं म्हणालात ते इथे लागू पडतं. म्हणून मुलांच्या युनिटांना (प्रत्येकाचा सर्व्हर ज्या सिस्टिमडी सेवेत चालतो तिला) स्वॅप शून्य करायचा. त्यासाठीची ओळ मूळ लेखात, स्थापनेच्या भागाखाली टाकली आहे.