तोंडी लावायला म्हणून बटाटे

टेक्सासात राहायला आलं की एक गोष्ट लवकर कळते, इथे माणसाची पत त्याच्या बॅकयार्डातल्या स्मोकरवरून, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस शिजवायच्या भट्टीवरून, ठरते. गाडी कुठली, घर किती स्क्वेअर फूट, हे सगळं नंतर. आणि स्मोकर आहे म्हटल्यावर लोक तुम्हाला ब्रिस्केटबद्दल, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाबद्दल, तास तास सांगतात, लाकूड कुठलं, कागदात कधी गुंडाळायचं, झाल्यावर किती वेळ नुसतं पडू द्यायचं, बाळंतिणीची काळजी घेतात तसं सगळं. पण त्याच्या शेजारी जे बटाटे वाढायचे असतात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. बटाटे काय, साइड डिश, होतात आपोआप!

होत नाहीत. लिहून घ्या.

आमचा स्मोकर मुळात आमचा नव्हताच. ऑफिसातला एक जण दुसऱ्या राज्यात बदली होऊन गेला तेव्हा तो ट्रकमध्ये मावेना म्हणून आमच्याकडे टाकून गेला. आडवं लोखंडी पिंप, एका अंगाला आगीची पेटी, दुसऱ्या अंगाला धुराडं. याला ऑफसेट म्हणतात. म्हणजे आग एकीकडे, खाणं दुसरीकडे, आणि मधे धूर. यात पेलेटवाल्या (लाकडाच्या भुशाच्या गोळ्या आपोआप जाळणाऱ्या) मशीनसारखं बटण दाबून आत एसीत जाऊन बसता येत नाही, दर अर्ध्या-पाऊण तासाला उठून लाकूड घालावं लागतं. तेही जुलै महिन्यात डॅलसच्या बाजूला, जिथे बाहेर नुसतं उभं राहिलं तरी माणूस स्मोक होतो.

तर चार जुलैचं पॉटलक ठरलं, आमच्याच अंगणात. शेजारचे टेक्सन आजोबा ब्रिस्केट आणणार, दोघं चिकन, कोणी श्रीखंड, कोणी बेक्ड बीन्स, आणि ग्रुपवर माझ्या नावापुढे परस्पर पडलं, 'स्मोक्ड बटाटे (व्हेज लोकांसाठी)'. त्या कंसातच सगळी मेख होती. कारण व्हेज लोक म्हणजे मुख्यतः आमच्या काकू, आणि काकूंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला की त्या पिंपात आधी काय काय शिजलंय? आता काय सांगू, टेक्सासातल्या पिंपात काय शिजतं! म्हटलं काकू, जाळी घासून घेतो. तर म्हणाल्या जाळीचं नाही रे, झाकणाला आतून जे काळं चकचकीत असतं ते कशाचं असतं? फोटोत दिसतंय मला. (फोटो मीच ग्रुपवर टाकला होता, हौसेने.) मग म्हटलं फॉइलमध्ये गुंडाळून ठेवतो. ते त्यांना पटलं, पण फॉइलमध्ये गुंडाळलेल्या बटाट्याला धूर कसा लागणार? धूर नाही तर मग एवढं लोखंड कशाला तापवायचं, तेच ओव्हनमध्ये केलं तर काय वाईट? शेवटी तह असा झाला की खाली नवाकोरा फॉइलचा ट्रे, वर फॉइलचं छप्पर, आणि बाजूने धूर जायला वाट. जैन मित्राचा प्रश्नच नव्हता, त्याला बटाटाच चालत नाही. तो एकटाच दिवसभर शांत होता.

आजोबांना हा तह सांगितला तर त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या मते बटाट्याची खरी जागा ब्रिस्केटच्या बरोब्बर खाली, म्हणजे वरची चरबी टपटप बटाट्यावर पडते आणि त्याचं सोनं होतं. हे मी काकूंना कळवलं नाही.

आजोबांचा एकूणच या विषयात अधिकार मोठा. लॉकहार्ट नावाचं गाव आहे ऑस्टिनच्या दक्षिणेला, त्याला 1999 साली टेक्सासच्या विधिमंडळाने ठराव करून बार्बेक्यूची राजधानी म्हटलंय, आजोबा तिकडचे. त्यांनी सांगितलं, पांढरा धूर आला तर समज लाकूड नीट पेटलेलं नाही, खाणं कडू होणार, निळसर पातळ धूर पाहिजे, दिसेल न दिसेल असा. लाकूड पोस्ट ओकचंच वापर, मेस्किटचं फार उग्र. माझ्याकडे नेमकं मेस्किटही पडलं होतं, तर आई, जी उन्हाळ्यापुरती आमच्याकडे आली होती, तिने त्याचा काटेरी फाटा उचलून बघितला आणि म्हणाली, अरे ही तर आपली वेडी बाभूळ. आणि खरंच, ती नि ही एकाच कुळातली! आमच्याकडे जी गावाबाहेर माजलीय म्हणून शिव्या खाते, ती इथे पिशवीत भरून विकतात आणि आपण पैसे देऊन घेतो.

सकाळी अकराला बटाटे आत गेले. जाड सालीचे रसेट, धुऊन, तेल-मीठ चोळून. टेंपरेचर 225 फॅरनहाइट, म्हणजे 107 सेल्सियस. आजोबांचा मंत्र, लो अँड स्लो, आच कमी आणि घाई नाही. ठीक आहे. बारा वाजले, एक वाजला. सुई खुपसून बघतोय तर बटाट्याच्या पोटात 140 फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम 60 सेल्सियस. दोन वाजता 150. बटाटा आतून भुसभुशीत व्हायला 205 तरी लागतात. हे म्हणजे पॅसेंजर कर्जतलाच उभी आणि आपण खोपोलीला जेवायची पानं मांडलेली.

मग मी सावलीत बसून फोनवर वाचायला लागलो आणि जे कळलं ते फार वाईट होतं. बटाट्यातला स्टार्च साठ-सत्तर सेल्सियसला फुगतो, पण त्याच्या पेशींना चिकटवून ठेवणारं जे पेक्टिन असतं ते ऐंशीच्या बऱ्यापैकी वर गेल्याशिवाय सुटत नाही. एवढंच असतं तरी चाललं असतं. पण बटाटा पंचावन्न ते पासष्टच्या मधे रेंगाळला की त्यातलं एक एन्झाइम कामाला लागतं आणि ते पेक्टिन उलट घट्ट करून टाकतं! म्हणजे जितकं प्रेमाने, हळू शिजवाल तितका हा माणूस अडून बसणार. ब्रिस्केटला हळू शिजवलं की विरघळतं, बटाट्याला हळू शिजवलं की त्याला वाटतं आपल्याला मुदतवाढ मिळाली.

त्यात झाकण. झाकण उघडलं की उष्णता जाते आणि परत वर यायला पंधरा मिनिटं लागतात, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो, आणि येणारा प्रत्येक जण 'हो का?' म्हणून झाकण उघडून बघत होता. आई तर दर वेळी. तिचं म्हणणं सरळ होतं, आम्ही पोपटी लावायचो तेव्हा कुठे होती रे सुई? अलिबागकडे थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, शेंगा, बटाटे, ओवा, जाडं मीठ, तोंडाला परत पाला कोंबायचा, मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा हात मडक्यावर मारायचा, चर्र झालं की झाली पोपटी. अर्ध्या-पाऊण तासात. 'आणि तू सकाळपासून काय करतोयस?' याला उत्तर नव्हतं, कारण धूर डोळ्यात गेला होता.

साडेचारला 170. पाहुणे सहाला. आग वाढवली तर पांढरा धूर, न वाढवली तर उपास.

बायको बाहेर आली, घड्याळाकडे बघितलं, ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. ट्रे उचलून आत गेली. पाठोपाठ किचनच्या खिडकीतून तो आवाज आला जो टेक्सासच्या कुठल्याही बार्बेक्यूत येऊ नये. एक शिट्टी. मग दुसरी. आजोबांनी ब्रिस्केट कापता कापता मान वर केली आणि विचारलं, ट्रेन आहे का इथून? मी म्हटलं, हो, लांब आहे.

शिट्ट्यांनंतर तिने बटाटे जरासे ठेचले, कडकडीत ओव्हनमध्ये टाकून सालं कुरकुरीत केली, वर लोणी, दही, कोथिंबीर, लसणीचं तिखट. आणि चव, खरं सांगतो, अप्रतिम होती, पहिल्यांदा तिखट जातं आणि मग मागून तो धूर येतो, शेकोटीजवळ बसून आल्यावर स्वेटरला येतो तो.

काकूंनी एक घास घेतला, थांबल्या. परत एक घेतला. मग माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "जरासे खाली लागलेत वाटतं रे. असू दे, वाईट वाटून घेऊ नकोस, माझीही परवा उसळ लागली." सकाळी अकरापासून लाकडं घालतोय मी त्या लागलेल्या वासासाठी! मंडळातल्या एका जाणकारांनी बटाटा मधोमध कापून विचारलं, स्मोक रिंग कुठाय, ती गुलाबी कड? आता ती कड मांसातल्या मायोग्लोबिनची धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडशी गाठ पडून येते, बटाट्यात मायोग्लोबिन कुठून आणू? पण जाणकारांशी वाद घालू नये, मी म्हटलं पुढच्या वेळी बघतो.

खरी दाद आजोबांनी दिली. तीनदा घेतले. मग मला बाजूला घेऊन विचारलं, बडी, एवढ्या धुराचा बटाटा आतून इतका मऊ कसा, माझे तर दगड होतात. मी काही बोलायच्या आत बायकोने कुकरच आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी शिट्टी काढून तळहातावर तोलली, रबर ओढून बघितलं, झाकणाचा वास घेतला. कितीवर चालतो हा?

"आत एकशेवीस सेल्सियस," मी म्हटलं. "म्हणजे तुमचे 250."

"250?" आजोबांचा चेहरा उजळला. "मग हा लोच आहे की!"

"लो आहे," बायको म्हणाली. "स्लो तेवढा नाही."