हंडो गावलो म्हणे

परवा सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी डोंबिवलीच्या चुलतभावाचा फोन आला. गेल्या चार वर्षांत याने मला एकदाच फोन केला होता, तोही चुकून लागलेला. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, मग हिच्या शुगरची, मग पावसाची, आणि मग अगदी सहज आठवल्यासारखं: "नाही, कानावर आलं की घराच्या जागेत तुला काहीतरी सापडलं म्हणे."

सापडलं होतं. वजन जेमतेम दोन ग्रॅम, त्यातही मधोमध भोक. आणि तेसुद्धा आता माझ्याकडे नाही.

"बरं बरं," तो आवाज खाली आणून म्हणाला, "फोनवर नको बोलूया."

माझा भाचा इंग्लंडात असतो. तिथे माणसं रविवारी सकाळी शेतमालकाची परवानगी घेतात, कानाला हेडफोन लावतात आणि काठीच्या टोकाला थाळी बसवल्यासारखं, जमिनीतला धातू शोधणारं एक यंत्र फिरवत नांगरलेल्या शेतांतून चालतात. याला छंद म्हणतात. १९९२ साली हॉक्सन नावाच्या गावात एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधायला त्याने मित्राला यंत्र घेऊन बोलावलं, आणि निघाली सुमारे १५,००० रोमन नाणी, सोन्याचे दागिने, चांदीचे चमचे. हातोडाही मिळाला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एवढं ऐकवून भाच्याने आपलं जुनं यंत्र मला दिलं, कारण त्याने नवं घेतलंय. आमच्याकडे जुन्या वस्तू मामाकडेच येतात. याआधी कॅमेरा आला, त्याआधी धावायचे बूट.

तर मे महिन्यात ते यंत्र घेऊन मी गावच्या घरी गेलो. घर सिंधुदुर्गात आहे, आणि घर हा शब्द आता केवळ सवयीचा. चिऱ्याचं जोतं उरलंय, न्हाणीतला दगड उरलाय, खळ्यातलं तुळशीवृंदावन एका बाजूला कललंय. माजघरात एक काजूचं झाड उगवलंय, ते मात्र उत्तम धरतं. सातबाऱ्यावर सत्तावीस नावं आहेत, त्यांतली नऊ स्वर्गात.

यंत्राच्या थाळीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट वीज वाहते, तिचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं, खाली धातू असेल तर त्यात विजेचे भोवरे उठतात आणि ते यंत्राला ऐकू येतात. लोखंड असेल तर घोगरा आवाज, तांबं-चांदी असेल तर टणटणीत. हे इंग्लंडात. आमच्याकडे जमीनच लोखंडाची. जांभा लाल दिसतो तो पोटातल्या लोहाच्या गंजामुळेच. मी बटण दाबलं आणि यंत्र आख्ख्या जिल्ह्यावर गुरगुरायला लागलं.

त्या क्षणी मला ग्रॅहम बेलची फार दया आली. १८८१च्या जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. अंगातली गोळी सापडेना, म्हणून टेलिफोनवाले बेलसाहेब असलंच एक यंत्र घेऊन धावले. पलंगाच्या गादीत स्टीलच्या स्प्रिंगा होत्या, त्यांनी यंत्राला गोंधळात टाकलं. त्यात डॉक्टरांनी शरीराची उजवीच बाजू तपासू दिली आणि गोळी निघाली डावीकडे, तीही माणूस सप्टेंबरात गेल्यावर. पण बेलला निदान गादी बदलता आली असती. मी जिल्हा कुठे बदलू?

अर्धा तास बटणं दाबून यंत्राची समजूत काढली. ते जरा शांत झालं, तोच गडग्यापलीकडून आवाज आला.

"काय हरावला?"

शेजारचे आबा. हातात काठी, खांद्यावर पंचा, तोंडात पान. मी हेडफोन काढला आणि ठाण्यात गंजलेली माझी मालवणी बाहेर काढली. "काय नाय, आबानू. असाच बघतंय."

"हरावला नाय तर सोदतंस कित्याक?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही. आबा तेवढ्यात गडगा ओलांडून आत आले, जोत्याच्या कोपऱ्यावर, जिथे माझे आजोबा बसायचे नेमके तिथेच बसले, आणि काठीच्या टोकाने मला कामाला लावलं. हयसर नको, थयसर फिरय. सावकाश. गाय नांगराक जुंपल्यासारखो धावतंस काय?

मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. "तू पायाळू काय?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि डोळ्यांत विशिष्ट अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, अशी समजूत. हसायला ठीक आहे, पण या गुप्तधनाच्या नादात माणसांनी इतकं भयंकर काहीबाही केलंय की राज्याच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याची वेगळी दखल घ्यावी लागली. माझ्या बाबतीत धोका नव्हता. मी डोक्याकडूनच आलो, आईने खात्री करून सांगितलंय.

"नाय, आबानू."

"मगे तुका कसा गावतला?"

मी यंत्र खाली ठेवलं आणि त्यांना शांतपणे सगळं समजावलं. वेटोळं, वीज, चुंबकीय क्षेत्र, भोवरे. हाताने भोवरे करूनही दाखवले. मी निवृत्त होण्याआधी तीस वर्षं विज्ञान शिकवलंय, इतकं लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता. शेवटी त्यांनी पान थुंकलं आणि निष्कर्ष काढला.

"म्हंजे मशीन पायाळू आसा."

मी हो म्हणालो. तीस वर्षांत एवढं तरी शिकलो होतो, कधी हो म्हणायचं ते.

"पण हंड्यार नाग आसता," आबा म्हणाले. "नागाक बघून मशीन वरडतला?"

"नाय. नाग धातूचो नसता."

"मगे उपेग काय?"

सांगा आता.

तेवढ्यात यंत्र बऱ्यापैकी स्वच्छ आवाजात ओरडलं आणि आबा माझ्याआधी उठले. "वरडला! खण!" मेमधली जांभ्याची जमीन खणणं म्हणजे काय ते खणणाऱ्यालाच ठाऊक. भाच्याने दिलेलं इंग्रजी खुरपं दुसऱ्या घावाला वाकलं. आबांनी घरून पारई आणवली आणि ती माझ्याकडे दिली. वीतभर खणल्यावर निघाली गोळ्यांची रिकामी पट्टी. ती त्यांनी हातात घेतली, पुसली, डोळ्यांपासून लांब धरून पाहिली.

"ही प्रेशराची. माझी आसा."

खरंच ठेवली हो खिशात! मग निघालं बिअरच्या बाटलीचं बूच. ते त्यांनी नुसतं लांबून पाहिलं. "ह्या माझा न्हय." नंतर अशी आणखी एकोणीस बुचं निघाली. आमच्या देवघराच्या जागेवर रात्री कोण बसतं ते गावाला ठाऊक आहे, आबांनाही ठाऊक आहे, आणि त्यांतले दोघे आबांचे नातू आहेत हे मलाही ठाऊक आहे. पण विसाव्या बुचापर्यंत आम्ही दोघांनीही सभ्यता सोडली नाही.

पुढे माझ्या घराची कडी निघाली, ती त्यांच्या बापाने बसवली होती. कोयतीचं तुटलेलं पातं निघालं. "ही तुझ्या आज्यान आमच्याकडना नेललेली. परत देवक नाय." पितळी दिव्याचा एक कान निघाला, त्यावर ते थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, ह्या तुझा, ठेय. माझ्याच घराच्या जमिनीतून, माझ्याच घामाने निघालेली वस्तू कुणी मला बक्षीस देतंय आणि मी "बरा" म्हणून घेतोय, असं दुपारी साडेबारापर्यंत चाललं होतं.

आणि मग वृंदावनाच्या पायथ्याशी यंत्र टणटणलं. घंटेसारखं. थाळी इकडून नेली तरी तेच, तिकडून नेली तरी तेच. चार बोटं खाली, हिरवं पडलेलं, गोल. पाण्याने धुतलं तर भोकाचा पैसा. १९४४. महायुद्धात तांब्याची चणचण होती म्हणून सरकारने नाण्याचं पोट कापलं, ते हे नाणं. माझ्या छातीत खरोखर धडधडलं. दोन ग्रॅम का असेना, माझ्या आजीच्या खळ्यात कुणाच्या तरी हातून पडलेलं आणि ऐंशी वर्षं कुणी न पाहिलेलं काहीतरी माझ्या तळहातावर होतं. मी ते आबांना दाखवलं. तिथेच चुकलं.

त्यांनी पैसा पंचाला घासला, एक डोळा मिटला आणि भोकातून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ह्यो माझो."

"आबानू!"

"तुझ्या आजयेन माका दिलेलो. चिंचा पाडूक. लढाय चालू होती तेव्हा. हयसरच हरावलो. बापाशीन फोकान मारल्यान माका." आणि त्यांनी पोटरी पुढे केली. पोटरीवर वळ वगैरे काही नव्हता, पण माणूस इतक्या खात्रीने पोटरी दाखवतो तेव्हा आपण पाहतोच.

आता हिशेब करा. मतदार यादी खरी धरली तर लढाई संपली तेव्हा आबा तीन वर्षांचे होते. तीन वर्षांचं पोर चिंचा पाडत नाही. पेन्शनचा कागद खरा धरला तर आठ वर्षांचे, मग सगळं जुळतं. आमच्या दारात चिंच होती का? होती. आजी पोरांना पैसे द्यायची का? आम्हा नातवंडांना कधी दिला नाही, पण आम्ही चिंचाही पाडल्या नाहीत. सकाळपासून प्रत्येक वस्तूवर हक्क सांगणाऱ्या या माणसावर विश्वास ठेवायचा कसा, आणि ठेवायचा नाही तर त्या पोटरीचं करायचं काय? मी पैसा दिला. त्यांनी तो कनवटीला लावला, पारई मागून घेतली आणि जेवायला निघून गेले. या बसा, पाणी घ्या, काही नाही.

संध्याकाळी तिठ्यावर चहा प्यायला गेलो तर चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आबांनी घरी सांगितलं असणार की ठाणेकराला गावला. काय गावला ते सांगितलं नसणार, कारण मग आपल्याकडे काय आहे तेही सांगावं लागलं असतं. रात्री नऊपर्यंत पैशाचा हंडा झाला, साडेनऊला हंड्यात आजीच्या पाटल्या पडल्या.

आमच्या भाऊबंदांचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे, त्रेचाळीस जणांचा. कौलं बदलायला हवीत, वासे कुजलेत, माणशी चार हजार काढले तर घर वाचेल, असं मी त्यावर एकदा लिहिलं होतं. फोटोंसकट. उत्तरादाखल अकरा अंगठे आले, तीन नमस्कार आणि एक सूर्योदय. दुसऱ्या पावसाळ्यात आढं मोडलं. तेव्हा चौघांनी "अरेरे" लिहिलं, त्यांतल्या एकाने चुकून दुसऱ्याच ग्रुपवरचं लग्नाचं निमंत्रणही टाकलं. परवा रात्री त्याच ग्रुपवर बासष्ट निरोप होते. बासष्ट! जे घर उभं असताना चार हजारांचं नव्हतं ते पडल्यावर सगळ्यांचं झालं होतं. एक चुलत आत्या, जी गणपतीलाही कधी आली नाही, विचारत होती की मुलींचाही समान हक्क आहे ना.

वकील पुतण्याने कायदाच टाकला: भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, नाही कळवलं तर वर्षापर्यंत कैद. मी रात्री अकरा वाजता उत्तर लिहायला बसलो. रुपयाचे पैसे ६४. दहा रुपयांची मर्यादा ओलांडायला तसले ६४१ पैसे सापडायला हवेत, मला एक सापडला, तस्मात् मी ६४० पैशांनी निर्दोष आहे. पुरावशेष ठरायला १९७२च्या कायद्याने शंभर वर्षं लागतात, त्यातही हा नापास. शिवाय गेल्या शंभर वर्षांत ज्याने ते ठेवलं तो माणूस पुढे आला तर त्याचं म्हणणं ऐकायची सोय त्याच जुन्या कायद्यात आहे. आमचा तर नुसता पुढे आला नाही, घेऊन गेला.

"फोटो टाक," डोंबिवलीने लिहिलं.

म्हणून काल सकाळी मी आबांकडे गेलो. दोन मिनिटं पैसा द्या, फोटो काढतो, परत देतो. मनात म्हटलं, ऐंशी वर्षांनी मिळालाय, देवाजवळ ठेवला असेल. निदान कुंकू तरी लावलं असेल.

आबांनी काठीने मागच्या पडवीकडे दाखवलं. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार नव्याने बसवलं होतं. बिजागरीच्या स्क्रूखाली, घासून लखलखीत केलेला, १९४४.

"वायसर नव्हतो," आबा म्हणाले. "बरोबर बसलो बघ. काढू नको, दार पडतला."

मी खुराड्याचा फोटो काढला, पैसा दिसेल असा, जवळून. एक कोंबडी मधे आली, म्हणून दुसरा काढला. ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, सापडलं ते हे.

दोन मिनिटांत डोंबिवलीचं उत्तर आलं. "खुराड्याखाली पुरलास काय?"