निवांत जायचंय, घाई करा!

"या वेळी काही म्हणजे काही ठरवायचं नाही. समुद्रकिनारी तंबू ठोकायचा, पाय पसरायचे आणि लाटा ऐकत पडून राहायचं." हे मीच बोललो होतो. तेवढ्यावरून सहलीचं पुढारपण माझ्या गळ्यात पडलं. काहीही न ठरवायला जायचं झालं, तरी कधी जायचं हे कुणीतरी ठरवावंच लागतं.

मग ग्रुप निघाला, 'किनारा' नावाचा. चारच दिवसांत 'किनारा फायनल' काढावा लागला, कारण पहिल्यात न येणारेच जास्त सूचना करत होते. त्यानंतर 'किनारा - फक्त येणारे'. त्यातही आमचा एक मित्र आहे, ज्याच्याकडे सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर असतं. तारीख चालेल का? बघू. गाडी आणशील का? बघू. अरे, आज तुझा वाढदिवस ना? बघू.

तारखेवर मतदान झालं. 7 जणांनी मिळून 11 मतं दिली आणि पौर्णिमा दणदणीत बहुमताने निवडून आली. चांदणं, चकाकणारं पाणी वगैरे. सगळे खूश झाल्यावर मी सहज म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडलं. (माझं हे 'सहज' मला कायम नडतं.) पौर्णिमा-अमावस्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, सूर्य-चंद्राची ओढ एकवटते आणि त्या सुमारास समुद्राला उधाण येतं. शाळेत हे 2 मार्कांना होतं, म्हणून सोडून दिलं होतं. आता त्यावर आमची अंथरुणं अवलंबून होती.

ग्रुपवर टाकलं. पहिला प्रश्न आला, "रोज किती वाजता येते ही भरती?"

"दिवसातून बहुधा दोनदा. आणि आजच्यापेक्षा उद्या साधारण 50 मिनिटं उशिरा."

"मग तिला ग्रुपमध्ये घ्या. आपल्यातलीच आहे."

अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, असं मी सुचवून पाहिलं. पण अर्ध्या चंद्रासाठी एवढ्या लांब कोण जाणार, असा एक गट लगेच तयार झाला. शेवटी पौर्णिमाच कायम राहिली, पण तंबू वर ठोकायचा असं ठरलं. मागच्या भरतीने आणून टाकलेल्या शेवाळाची, काड्यांची आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची एक ओळ किनाऱ्यावर दिसते; तिच्या बऱ्याच वर. आणि उधाण वाढतं असेल तर आज पाणी त्या ओळीपाशी थांबेलच असं नाही, म्हणून आणखी वर. 'बऱ्याच' म्हणजे नेमकं किती, यावर 2 रात्री गेल्या.

दरम्यान एका मैत्रिणीने यादी केली. तिच्या याद्यांना पोटयाद्या असतात. 64 वस्तूंमध्ये 'अंगावरची वाळू झटकायचा ब्रश' होता, 'ब्रशवरची वाळू झटकायचं फडकं' होतं. 3 जणांनी स्पीकर आपल्या नावावर लावून घेतले. हातोडीपुढचा रकाना शेवटपर्यंत रिकामा.

तंबूची रंगीत तालीम आमच्या दिवाणखान्यात झाली. तंबूच्या काठ्यांच्या पोटातून इलॅस्टिकची दोरी गेलेली असते. एक तुकडा हातात धरला की बाकीचे फटाफट आपोआप जुळतात, हे पिशवीवरच्या चित्रात लिहिलेलं नव्हतं. पहिली काठी अशी उलगडली की घड्याळ गेलं, दुसरीने पंख्याला हात घातला. पिशवीवर '4 जणांसाठी' असंही छापलेलं होतं. हे चौघं काडेपेटीत राहणारे असावेत.

त्यात मी ज्ञान पाजळलं की नेहमीच्या खुंट्या कोरड्या वाळूत टिकत नाहीत, वारा सुटला की उपटून येतात. त्याऐवजी पिशवीत वाळू भरायची, तिला दोर बांधायचा आणि पिशवी खोल पुरून टाकायची. झालं! सरावाला वाळू नाही म्हणून पिशव्यांत उशा भरल्या गेल्या. एक दोर टीपॉयला, एक कपाटाच्या कडीला. पिशव्या कोण आणणार, दोर किती लांब, गाठ कुठली, यावर आवाज चढले. यादीवाली म्हणाली, दोर 37 क्रमांकावर आहे, कुणीच वाचलेलं नाही. स्पीकरवाले म्हणाले, आम्ही मुळात आरामासाठी येतोय. मी म्हणालो, मग आरामाची शिस्त नको का? हे वाक्य माझं मलाच ऐकू आलं, पण तोवर उशीर झाला होता.

मध्येच कुणीतरी म्हणालं, घोरतंय कोण?

'बघू' कधी आला, कुणालाच कळलं नव्हतं. तंबूत आडवा पडला होता, पाय दारातून बाहेर, डोक्याखाली आमच्या सरावातली एक उशी. आम्ही सहाही जण आवाज खाली आणून पुढचं भांडण कुजबुजत करू लागलो.

तासाभराने झिपमधून डोकं बाहेर आलं. केस विस्कटलेले, चेहऱ्यावर कमालीचं समाधान.

"पोचलो का आपण?"

"बघू," मी म्हणालो.