कुत्रा चावल्यावर ‘दहा दिवस वाट पाहा’? अजिबात नाही!

व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय: कुत्रा चावला की जखमेवर तिखट किंवा चुना लावा, दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा, तो मेला तरच लस घ्या, नुसतं खरचटलं असेल तर काहीच नको. हे ऐकून लोक वेळ घालवतात आणि रेबीजमध्ये तोच परत मिळत नाही.

‘तिखट-चुना लावा.’ नको. रेबीजच्या विषाणूवर मेदाचं आवरण असतं, ते साबणाने विरघळतं. म्हणून वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं जखम धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. तिखट-चुन्याने कातडी भाजते आणि चोळण्यात विषाणू आणखी खोल जातो. टाकेही शक्यतो घालत नाहीत, ते याचसाठी.

‘दहा दिवस थांबा.’ सगळ्यांत घातक सल्ला हाच, कारण तो अर्धा खरा आहे. कुत्र्यावर लक्ष ठेवायचं ते लस सुरू करून. तो दहा दिवस ठणठणीत राहिला तर पुढचे डोस थांबवायचे का, हे डॉक्टर ठरवतात.

घाई कशासाठी? विषाणू बहुतेकदा आधी स्नायूत रेंगाळतो. लक्षणं यायला साधारण १ ते ३ महिने लागतात ते त्यामुळे, पण कधीकधी आठवडाही पुरतो. स्नायू आणि नस जुळतात तिथून तो चेतापेशीत शिरतो, पेशीच्याच वाहतूक यंत्रणेवरून दिवसाला काही सेंटीमीटर वर सरकतो आणि सिनॅप्समधून, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडणीतून, पुढच्या पेशीत जातो. एकदा नसेत शिरला की अँटिबॉडींच्या, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या प्रथिनांच्या, तावडीत सहसा येत नाही. मेंदूतल्या पेशी तो फारशा मारतही नाही, त्यांचं काम बिघडवतो. गिळणं, श्वास, हृदयाचे ठोके, सगळंच कोलमडतं. पाण्याचा घोट घेताना घशाला आचके येतात ते यातूनच. लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण वाचणं अतिशय दुर्मीळ.

‘खरचटल्यावर काही नको.’ रक्त न येता ओरखडा उठला तरी लस लागते. रक्त आलं तर लसीबरोबर तयार अँटिबॉडींचं सिरमही हवं: मानवी असेल तर वजनाच्या किलोमागे २० युनिट, घोड्याचं असेल तर ४०. ते जखमेत आणि तिच्या कडेने टोचून घ्या, शक्यतो पहिल्याच दिवशी. लसीच्या पहिल्या डोसला ७ दिवस उलटले की ते देत नाहीत.

पोटातली चौदा इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या जुन्या लसीची होती; ती कधीच बंद झाली. आता स्नायूत द्यायची लस ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी दंडात देतात. कुल्ल्यात घेऊ नका, तिथल्या चरबीत ती नीट लागू पडत नाही.