काजूचे पान घ्या, पेपर काढा

हाताशी पैसा नाही, वेळ नाही, पण नॅनोविज्ञानात नाव मात्र हवे, अशी ज्यांची अडचण आहे त्यांनी मुळीच खचू नये. पानांच्या काढ्याने चांदीचे नॅनोकण, म्हणजे मीटरच्या काही अब्जांश भागांएवढे कण, करावेत आणि पेपर छापावा. गोव्यातल्या ताळगावच्या पठारावर जे पहिले झाड दिसेल त्याखाली उभे राहावे. काजू असेल तर उत्तम. भिरंड (कोकम) असेल तर शीर्षकात ‘औषधी वनस्पती’ घालता येते, म्हणजे आणखी उत्तम. 10 ग्रॅम पाने तोडावीत, धुवावीत, सावलीत वाळवावीत. जूनमध्ये ती वाळत नाहीत, त्यांना बुरशी धरते. ती बुरशी फेकू नये, पुढच्या पेपरला उपयोगी पडते. मग 100 मिलिलिटर पाण्यात वीस मिनिटे उकळून व्हॉटमन 1 या गाळण-कागदातून गाळावे. घरी याला काढा म्हणतात, पेपरात ‘हरित अपचायक’, म्हणजे विरघळलेल्या चांदीला पुन्हा धातू करणारा.

आता 17 मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवा. झाले एक मिलिमोलर द्रावण. त्याच्या नऊ भागांत काढ्याचा एक भाग ओता. तासाभरात फिकट पिवळा रंग तपकिरी होईल. लगेच दोन बाटल्या शेजारी ठेवून फोटो काढा, ही पेपरातली पहिली आकृती. कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो हे मोजणाऱ्या यूव्ही-व्हिजिबल यंत्रात 400 ते 450 नॅनोमीटरच्या दरम्यान उंचवटा आला की चांदीचे कण झाले, असे जाहीर करावे. काढ्यातली टॅनिने हवेत नुसती ठेवली तरी काळवंडतात, म्हणून तुलनेसाठी ठेवतात त्या संदर्भाच्या क्युव्हेटमध्ये (काचेच्या छोट्या नळीत) तितकाच पातळ केलेला काढा ठेवायला हवा, असे काही कटकटे लोक सांगतात. तुम्ही साधे पाणी ठेवा. उंचवटा भरघोस येतो.

पाणी मात्र डिस्टिल्डच घ्या. एवढा एक प्रामाणिकपणा सोडू नका, नाहीतर नळाच्या पाण्यातले क्लोराइड चांदीला धरते आणि बाटलीत दुधासारखा गढूळपणा येतो. तो सिल्व्हर क्लोराइड. उजेडात ठेवला की तोही जांभळट-काळा होतो, त्यामुळे ‘रंग बदलला’ हे वाक्य तसे खोटे ठरत नाही. शुद्ध पाणी वापरूनही हाच अनुभव घ्यायचा असेल तर मांडवीकाठची खारफुटी घ्या. तिवराची पाने समुद्राचे मीठ अंगावाटे बाहेर टाकतात. पान नुसते चाटले तरी कळते. अशा पानांच्या काढ्यात सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर काय होणार, हे शाळेतल्या मीठ-ओळख प्रयोगात शिकवलेले असते. पण ‘किनारी जैवविविधता’ हे शब्द मीठ-ओळखीपेक्षा वजनदार आहेत.

मग एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण टाकून स्फटिक ओळखण्याची चाचणी. चांदीची शिखरे 38.1, 44.3, 64.4 आणि 77.4 अंशांवर येतात. तुमच्या आलेखात 27.8, 32.2 आणि 46.2 वरही टोकदार शिखरे उभी असतील. घाबरू नका. तो तुमचा सिल्व्हर क्लोराइडच आहे, पण त्याचे नाव घ्यायचे नाही. तिथे छोटा तारा काढावा आणि खाली लिहावे: ‘पृष्ठभागावरील सेंद्रिय घटकांचे स्फटिकीभवन’. हे वाक्य इतक्या पेपरांतून फिरले आहे की आता त्याला कुणी अडवत नाही.

आकार शेररच्या सूत्राने काढावा: शिखर जितके रुंद तितका स्फटिक लहान. तरंगलांबी 0.15406 नॅनोमीटर, स्थिरांक 0.9, खाली शिखराची रुंदी आणि कोसाइन. रुंदी 0.4 अंश असेल तर ती रेडियनमध्ये बदलल्यावर 38.1 च्या शिखरावरून आकार 21 नॅनोमीटर येतो. बदलायची राहिली तर 0.37 येतो. चांदीचा स्फटिक ज्या विटांनी रचला जातो त्या एकक पेशीची बाजूच 0.409 नॅनोमीटर असते, म्हणजे तुमचा कण स्वतःच्या विटेपेक्षाही लहान झाला. अशा वेळी सारांशात ‘अतिसूक्ष्म’ हा शब्द वापरावा. यंत्रामुळे येणारी रुंदी वजा करण्याच्या भानगडीत पडू नये. स्फटिकाचा आकार आणि कणाचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही मनात ठेवावे आणि मनातच ठेवावे.

एफटीआयआरसाठी, म्हणजे अवरक्त किरणांनी रेणूंतले बंध ओळखण्याच्या चाचणीसाठी, पावसाळा गाठा. याबाबतीत गोवेकरांवर निसर्गाची कृपा आहे. सँपल ज्यात मिसळून चकती (पेलेट) दाबतात तो पोटॅशियम ब्रोमाइड हवेतले पाणी पितो. जुलैत बाटलीचे झाकण पाच मिनिटे उघडे राहिले तरी पेलेट धुरकट होते. ते ओव्हनमध्ये सुकवू नका. पाण्याचे पट्टे 3440 आणि 1630 च्या आसपास येतात, आणि नेमके हेच आकडे तुम्हाला हवे आहेत. पहिल्याला पॉलिफेनॉलचा हायड्रॉक्सिल म्हणावे, दुसऱ्याला प्रथिनांचा अमाइड. कणांभोवती संरक्षक कवच आहे, हे सिद्ध झाले. ज्यांच्याकडे कोरडी हवा आहे अशा विद्यापीठांना हा पुरावा मिळवायला खरी प्रथिने लागतात.

टेमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) सँपल बाहेर पाठवावे लागते, रांग असते. आलेल्या फोटोंतले गोल कण असलेले एक चित्र ठेवावे, बाकीचे संगणकात कुठेतरी असू द्यावेत. सँपल कार्बन लावलेल्या तांब्याच्या जाळीवर बसवतात, म्हणून ईडीएक्समध्ये (सँपलमधली मूलद्रव्ये ओळखणाऱ्या चाचणीत) तांबे आणि कार्बन दिसतात. कार्बनला ‘वनस्पतीजन्य आवरण’ म्हणा. तांब्याला ‘डोपिंग’ (मुद्दाम केलेली भेसळ) म्हणायचे धाडस ज्याच्यात आहे त्याला दुसरा पेपर फुकट.

जिवाणूंवरचा प्रयोग सगळ्यात आनंदाचा. जिवाणू पसरलेल्या अगारमध्ये (जेलीसारख्या थरात) 6 मिलिमीटरचे भोक पाडा, थेंब सोडा, रात्रभर 37 अंशांवर ठेवा. सकाळी भोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. मापताना भोकाचे 6 मिलिमीटरही धरा. इथे एकच पथ्य: कण धुवायचे नाहीत. सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला 10,000 फेऱ्यांवर तीनदा फिरवून धुतले तर उरलेले चांदीचे आयन (कण न झालेली, विरघळलेली चांदी) निघून जातात आणि वर्तुळ आकसते. आयन स्वतःच जिवाणू मारतात. म्हणूनच शेजारच्या भोकात नुसते सिल्व्हर नायट्रेट घालून तुलना करणे हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा अपशकुन. त्या जागी अँटिबायोटिकची डिस्क ठेवावी. प्लेटही भरलेली दिसते.

काही मंडळी हा सोपा मार्ग सोडून भलतीकडेच जातात, त्यांची संगत टाळा. झुआरीनगरच्या बिट्समधल्या (बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसमधल्या) संशोधकांनी मिठात जगणाऱ्या हॅलोकॉकस सॅलिफोडिनी या सूक्ष्मजीवाकडून चांदीचे नॅनोकण करून घेतले आणि 2013 मध्ये ते छापले. मिठाच्या पाण्यात चांदी, म्हणजे क्लोराइडचे संकट दाराशीच. त्याला टाळण्याऐवजी तोंड देत बसणे, हे कुणी सांगितले होते? गोवा विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांची तर वेगळीच तऱ्हा. गोव्याच्या खाणींतला टाकाऊ खनिज माल घ्यायचा, त्यापासून हायड्राझीन असलेली कार्बोक्सिलेटे (सेंद्रिय आम्लांचे क्षार) बनवायची आणि ती जपून तापवून फेराइटच्या, म्हणजे लोह ऑक्साइडाच्या चुंबकीय पदार्थांच्या, कामाचे मॅगेमाइट हे चुंबकीय लोह ऑक्साइड काढायचे. ताप जास्त झाला की सगळे हेमाटाइट हे दुसरे लोह ऑक्साइड होते आणि चुंबकत्व गेले. बरे, मॅगेमाइट आणि मॅग्नेटाइट (आणखी एक चुंबकीय लोह ऑक्साइड) यांची स्फटिक-जाळी 8.35 आणि 8.40 अँगस्ट्रॉम, म्हणजे एक्सआरडीत जवळपास जुळी भावंडे. त्यातून तांब्याची क्ष-किरण नळी वापरली तर लोह स्वतःच चमकून आलेखाची पार्श्वभूमी वर उचलते. खात्री करायला मॉसबाउअर ही गॅमा किरणांनी लोहाची अवस्था ओळखणारी चाचणी लागते. इतक्या वेळात काजू, भिरंड, फणस आणि तुळस असे चार पेपर सहज झाले असते.

पेपर छापून आला की प्रेस नोट काढा. ‘पाणी शुद्धीकरणात क्रांती’ हा मथळा आजवर कुणाला नाकारला गेलेला नाही. फक्त एक हिशेब त्यात येऊ देऊ नका. तुमच्या बाटलीत लिटरमागे साधारण 97 मिलिग्रॅम चांदी आहे, आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, चांदीची मर्यादा 0.1 मिलिग्रॅम आहे. पत्रकार हा भागाकार करत नाहीत. पंचायतीतला एखादा निवृत्त मास्तर करू शकतो. त्याने भर सभेत विचारलेच, तर पायलट प्लांटसाठी निधी मागितला आहे असे सांगावे. निधी मिळत नाही तोवर या उत्तराला मरण नाही. मिळालाच, तर तातडीने झिंक ऑक्साइडकडे वळावे. पाने तीच चालतात.